पिवळी सोंगटी माझी होती

आंधळगाव,
१९ एप्रिल २०२०

धनराज,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुला द्यायला माझ्याकडे आशीर्वाद उरलेले नाहीत, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोन तू उचलत नाहीस. तीन वर्षांपासून माझा नंबर तुझ्या फोनमध्ये ब्लॉक आहे. पोस्टमन मात्र अजून कोणी ब्लॉक केलेला नाही. तोंडाला रुमाल बांधून का होईना, तो सिहोऱ्यात तुझ्या दारी येईल आणि हे पत्र टाकून जाईल. नको असेल तर उकिरड्यावर फेक. पण वाचल्याशिवाय फेकणार नाहीस, तुला मी लहानपणापासून ओळखते.

तर ऐक. लॉकडाऊन लागल्यापासून रोज दुपारी तुमच्या घरात मोबाईलवर लुडो रंगतो. लाल सोंगट्या तुझ्या, निळ्या तुझ्या लेकीच्या, तृप्तीच्या, हिरव्या मायच्या. तुझ्या बायकोचा फोन मायच्या हातात देतात आणि तृप्ती तिच्यासाठी फासा दाबते. चौथा खेळणारा पिवळा. त्याचं नाव नुसतं 'गेस्ट' दिसतं, आणि तू समजतोस की ती तृप्तीची नागपूरची मैत्रीण आहे.

ती मैत्रीण नाही. ती मी आहे.

बसला असशील तर उठू नकोस, अजून पुढे आहे. परवा तुझी शेवटची लाल सोंगटी घराच्या तोंडाशी आली असताना कोणी मारली? मी मारली. तू म्हणालास, "तृप्ती, तुही मैत्रीण लय खतरनाक हाय वं." तुझ्या तोंडून कौतुक ऐकायला मला पन्नाशी गाठावी लागली. तुम्ही बोलता ते सगळं मला ऐकू येतं. माझा आवाज मी बंद ठेवते, कारण बहिष्कृत बाईने बोलायचं नसतं, आणि नियम मोडल्याचा ठपका मला माझ्यावर नको होता. तुझ्यावर हवा होता.

नियम तुझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. माझ्या रीनाने सुगतशी लग्न केलं. सुगत बौद्धांच्या घरचा, आमच्याच गावचा, वीज खात्यात नोकरीला, पानसुद्धा खात नाही. पंचांनी मला सांगितलं, पोरगी मेली म्हणा, तिची तेरवी करा, समाजाला भात द्या, सगळं मिटेल. जिवंत लेकीच्या तेरवीचा भात माझ्या हातून शिजला नाही. तेव्हा समाजाचा सचिव म्हणून तू उठलास आणि म्हणालास, बहीण असली तरी नियम सारखाच. तुळसाबाईच्या घरी अन्नपाणी नाही, बोलणंचालणं नाही, आणि जो तिच्याशी व्यवहार ठेवील तोही बाहेर. तेव्हापासून तुझ्या भाऊजींना तलावात जाळं टाकू देत नाहीत. मासेमाराच्या जातीचा माणूस मोहाडीच्या बाजारातून दुसऱ्याचे मासे विकत घेतो आणि विकतो.

आता अख्खा देश घरात कोंडला गेला आहे. दारात कोणी येत नाही म्हणून लोक टीव्हीवर रडतात. तुझे भाऊजी बातम्या बघतात आणि म्हणतात, "आपल्याले यात नवीन काय हाय?"

धमकी द्यायला लिहिते आहे, हे ओळखलं असशीलच. तू इतके दिवस माझ्यासोबत एका पटावर बसलास. हे पंचांचे प्रमुख बुधरामकाकांच्या कानावर गेलं तर तुझं सचिवपद आणि तुझी पंगत, दोन्ही जातील. मला एकच हवं आहे. मायशी फोनवर बोलू दे. तू समोर नको, तृप्तीने लावून दिला तरी चालेल. ती रोज डाव सुरू होताना फोनला तोंड लावून विचारते, "पाहुण्या, जेवला का?" मी बोलू शकत नाही, म्हणून त्या खेळातलं तयार फूल पाठवते. तृप्ती सांगते, आजी, फूल आलं. माय म्हणते, "मंग जेवला असन." हे ऐकून मी उठते आणि न्हाणीत जाऊन तोंड धुते. तुला हे सांगायचं नव्हतं, पण आता शाईने लिहिलं गेलं.

तृप्तीला रागावू नकोस. मीच तिच्या मागे लागले होते.

तुळसा


आंधळगाव,
३ मे २०२०

धनराज,

उत्तर मिळालं. पत्राने नाही, खेळ बंद पडण्याने. सहा-सात दिवस मी फोन हातात धरून बसले, तृप्तीकडून डावात शिरायचा कोड आलाच नाही. मग रीनाकडून कळलं की तू पोरीच्या हातून फोन हिसकावलास आणि कपाटात ठेवलास. वीस वर्षांच्या, कॉलेजात जाणाऱ्या पोरीचा फोन. वर तिला म्हणालास की आत्याने तुझा वापर केला. वापर तर तिने माझा केला, माहीत आहे का? आजी दिवसभर भिंतीकडे बघते, तिच्यासाठी खेळायला या, असा निरोप पहिल्यांदा तिनेच रीनाकडे पाठवला होता. मागच्या पत्रात मी तिला वाचवायला खोटं लिहिलं. तुला खरं कळलं तरी तू तिला आणखी काय करणार, कपाट तर एकच आहे.

ठीक. तू तुझं केलंस, मी माझं केलं. तुमच्या समाजाचा जागेश्वर मोटरसायकलवर मासे घेऊन आमच्या गल्लीत येतो. तो माझ्याशी बोलत नाही. पण मला काही सांगायचं असलं की शेजारच्या धुरपताबाईशी मोठ्याने बोलतो, म्हणजे मला ऐकू येतं. तीन वर्षं आमचं असंच चाललंय. परवा मीही धुरपताबाईशी मोठ्याने बोलले. सांगितलं की माझा भाऊ लुडो चांगला खेळतो, पण घाई फार करतो, म्हणून माझ्याकडून मार खातो. जागेश्वरने तराजू हातात तसाच धरून ठेवला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माहीत आहे.

सहज बोलून गेले, असं मी धुरपताबाईला म्हटलं. तिचा विश्वास बसला. तुझा बसायची गरज नाही.

तुळसा


आंधळगाव,
१६ मे २०२०

धनराज,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिल्यांदा तू मला, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, 'बाई' लिहिलंस. गरज पडली की तोंड कसं गोड होतं बघ.

तू लिहितोस की बुधरामकाका सगळ्या पंचांना एकत्र फोन लावून बैठक घेणार आहेत. तुझ्या घरचं पाणी बंद होईल, तृप्तीचं लग्न कुठे जमणार नाही, मायच्या मयतीला चार माणसं मिळणार नाहीत. शेवटचं तू मुद्दाम लिहिलंस, मला टोचेल म्हणून. टोचलं. आणि मग तुझी मागणी: मी धुरपताबाईच्या दारात जाऊन, जागेश्वरला ऐकू जाईल असं, सांगायचं की ती मी नव्हतेच, भावाला चिडवायला थाप मारली. बदल्यात दर रविवारी तू मला मायशी बोलू देशील. किती वाजता ते तू ठरवणार, किती वेळ तेही तूच ठरवणार.

तुला शिव्या देत मी ते पत्र चुलीत टाकलं असतं, तर बरं झालं असतं. पण खोटं कशाला बोलू. मी पदर खोचून धुरपताबाईच्या दारापर्यंत गेले होते. जागेश्वर यायची वेळ झाली होती. मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मायचा आवाज, रविवारी, माझ्याशी, नाव घेऊन. त्यासाठी एक थाप काय मोठी.

मग वाटलं, मी ती नव्हते असं एकदा म्हटलं की माय इतके दिवस कोणाला विचारत होती, जेवला का म्हणून? कोणालाच नाही. तेवढं एक माझ्या वाट्याला आलं होतं, आणि तू तेही माझ्याच तोंडून खोटं ठरवायला सांगतोस. मी परत फिरले. जागेश्वरची मोटरसायकल निघून गेल्यावरच घराबाहेर आले.

नाही म्हणते मी. तुझं पाणी बंद होऊ दे. पाणी बंद झालं म्हणून माणूस मरत नाही, मी मेले का?

एक अजून. पोलिसात जायचा कायदा आहे, बहिष्कार टाकणाऱ्यांना तुरुंग आहे, सुगतने मला कागद वाचून दाखवले होते. मी गेले नाही, कारण यादीत पहिलं नाव तुझं आलं असतं. हे उपकार म्हणून नाही सांगत. तू मला वैरीण समजतोस म्हणून सांगते.

तुळसा


आंधळगाव,
२९ मे २०२०

धनराज,

बैठकीत काय झालं ते तृप्तीने रीनाला आणि रीनाने मला सगळं सांगितलं. कपाटाची किल्ली तुझ्या बायकोने पोरीला दिली, हेही तुला कळू दे. ज्योत्सना तुझ्यासमोर मान खाली घालते म्हणून ती तुझ्या बाजूची आहे, असं समजत होतास ना.

मी ते ऐकून हसले, आणि हसता हसता मला तुमची सगळ्यांची कीव आली. पाच म्हातारे आपापल्या घरात फोन कानाला लावून बसले आहेत आणि वाद काय, तर लुडो म्हणजे व्यवहार होतो का. एक म्हणाला, भात नाही खाल्ला, पाणी नाही प्यायलं, मग गुन्हा कशाचा? दुसरा म्हणाला, एका पटावर बसणं आणि एका पंगतीत बसणं सारखंच. बुधरामकाकांनी तृप्तीला विचारलं, पट एक होता की चार? तृप्ती म्हणाली, पट एकच, पण तो कोणाच्याच घरात नव्हता. मग कोणीतरी फुलाचं काढलं. फूल पाठवणं म्हणजे बोलणं की नाही? शेवटी तुझ्यासाठी पळवाट निघाली. न कळत घडलं ते घडलं असं धरू नये. धनराजला माहीत नव्हतं, म्हातारीलाही माहीत नसणार. दोघांनी तसं सांगावं आणि विषय संपवावा.

तू लगेच सांगितलंस. तुझं खरंच होतं, तुला माहीत नव्हतं. मग फोन मायच्या कानाला लावला. ज्योत्सनाने तिच्या कानात सांगितलं होतं की फक्त 'नाही' म्हणा.

माय काय म्हणाली ते तू ऐकलंस, पण मी पुन्हा लिहिते, कारण मला ते लिहायचं आहे.

"मले बुढी समजून खोटं बोलाले नोका लावू. ते माही तुळसा होती. पयल्याच दिसी समजलं मले. एवढ्या जिद्दीनं धनराजले अजून कोण मारते?"

मग म्हणाली, "तीन साल झाले, मी तिले पाहिली नाही. मले तिच्याकडे जा लागते."

आपण लहान असताना ओसरीवर खडूने पट आखायचो, चिंचोक्यांनी खेळायचो, आणि तू हरलास की चिंचोके फेकायचास. माय चुलीजवळून सगळं बघायची. मला वाटायचं ती बघत नाही. माझ्या सोंगटीच्या चालीवरून तिने मला ओळखलं, धनराज. तू माझा सख्खा भाऊ, माझ्या समोर बसून रोज मार खाल्लास आणि तुला कळलं नाही.

बुधरामकाकांचा निर्णयही कळला. गर्दी करायला बंदी आहे म्हणून तुझ्या दंडाचा भात पुढे ढकलला. लॉकडाऊन उठल्यावर तू समाजाला जेवण द्यायचं. आणि मायबद्दल ते म्हणाले, "म्हातारीले जा वाटते त जाऊ द्या. छप्पर चालन, भात नाही चालत." म्हणजे माझ्या घरात ती झोपू शकते, पण माझ्या हातचं खाल्लं तर तुझ्या घरात परत येऊ शकत नाही. किती दयाळू आहेत तुमचे पंच.

पाठव तिला. छप्पर पंचांनी ठरवू दे. भाताचं मी बघते.

तुळसा


आंधळगाव,
१० जून २०२०

धनराज,

माय पोचली. तू तिला मोटरसायकलवर आणलंस आणि गावाबाहेरच्या थांब्यावर उतरवून परत गेलास. घरापर्यंत यायला तुझ्या गाडीला काय काटे टोचले असते? नाक्यावर बसलेल्या पोरांनी तिचं नाव-गाव लिहून घेतलं, हातावर औषध ओतलं, आणि तुझे भाऊजी धावत जाऊन तिला घेऊन आले. ती किती हलकी झाली आहे ते तुला रोज दिसत असेल, म्हणून कळलं नसेल. मला एकदम दिसलं.

दारात तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. डोळ्यांत मोतीबिंदू इतका उतरला आहे आणि तू अजून ऑपरेशन केलं नाहीस, यावर वेगळं पत्र लिहीन. मी रडले, ती रडली नाही. म्हणाली, जाड झालीस. मला कोणी इतकं बरं काही बोललं नव्हतं.

म्हणजे शेवटी मी जिंकले. तू अडवलास तो नंबर, काढून घेतलास तो फोन, सगळं तुझ्याजवळ ठेव. माय माझ्या घरात आहे. आज रात्री ती माझ्या शेजारी झोपेल.

सोबत तिने भात शिजवायचा एक गंज, एक ताट आणि तांदळाची पिशवी आणली आहे. अंगणात तीन विटा मांडल्या आणि स्वतःचा भात स्वतः शिजवला. पाणी सरकारी बोअरिंगवरून आणलं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. दोन दिवसांत निवळेल. मी मरळीचा रस्सा करणार आहे, तो तिला आवडतो. वासानेच आत येईल.

तुळसा


आंधळगाव,
५ जुलै २०२०

धनराज,

रस्सा केला होता. ती आत आली नाही.

त्यानंतर मी झिंगे केले, भाकर केली, आंबिल केलं. रीनाने भंडाऱ्याहून पेढे पाठवले, तेही तिने हातात घेऊन वास घेतला आणि परत दिले. दिवसभर माझ्याजवळ बसते. माझे केस विंचरते, पन्नाशीच्या बाईचे. रीनाशी आणि सुगतशी फोनवर बोलते, जावयाला आशीर्वाद देते, मोठ्याने. त्यात तिला पंचांची भीती नाही. पण जेवायची वेळ झाली की उठते आणि अंगणात विटांपाशी जाते. भिंतीकडे तोंड करून जेवते, म्हणजे मला तिचं ताट दिसू नये.

आता पावसाने लाकडं ओली आहेत. माझ्या घरातली कोरडी लाकडं मी तिच्या चुलीपाशी नेऊन ठेवते, ती उचलून परत दारात ठेवते. ओल्या काड्यांवर फुंकर मारत बसते. धूर डोळ्यांत जातो. खोकला लागला की गंज तसाच अर्धा कच्चा उतरवते आणि तेच खाते. काल मला सहन झालं नाही. मी तिच्या समोर जाऊन बसले आणि भांडले. तुझ्याशी भांडायचं होतं ते सगळं तिच्याशी भांडले. म्हटलं, तुझं माझ्यावर मन नाही, तू माझा भात विटाळ समजतेस, मग माझ्या घरी आली कायले?

"तुले पाहाले," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग खाऊन का नाही राहिली?

तिने हातातली काडी चुलीत सरकवली. "तुह्या घरचं खाल्लं त वापस कशी जाऊ वं? मले धनराजच्या घरी मराचं हाय. तो एकटा पडते."

तो एकटा पडतो. घरात बायको आहे, पोरगी आहे, अख्खा समाज पाठीशी आहे, आणि तू एकटा पडतोस. मला तीन वर्षं कोणी दारात उभं केलं नाही, आणि माझ्यासमोर बसून ती तुझी काळजी करते. धनराज, मी तुझा इतका राग आयुष्यात कधी केला नव्हता, चिंचोके फेकायचास तेव्हाही नाही. मला माझी माय हवी होती. माझ्या घरी आली ती तुझी माय.

तुझ्या घरातून तिला काढून आणल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही. ती वाळत चालली आहे. रोज थोडी.

म्हणून हे पत्र. माफी मागत नाही आणि तुलाही मागायला सांगत नाही. माझ्याकडे आहे तोवर ती एकटी अंगणात जेवत बसेल, हे मला बघवत नाही. ती समाजाबाहेर नाही, तूही नाहीस. तिच्या चुलीवरचा भात तू खाल्लास तर कुठला नियम मोडत नाही, पाहिजे तर बुधरामकाकांना विचार. तू ये. तिच्या शेजारी बस, दोन घास तिच्या ताटात जेव, म्हणजे ती पोटभर खाईल. तू असलास की ती खाते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

मी घरात बसेन. दार आतून लावून घेईन, खिडकीही. तुला माझं तोंड दिसणार नाही, आवाज येणार नाही. तुझे भाऊजी मोहाडीला जातील. अंगण तुम्हा दोघांचं.

येताना कोरडी लाकडं घेऊन ये. माझ्या घरची ती घेत नाही.

तुळसा